केगच्या फ्रीझरमधील वायूची जोडणी
घरी बनवलेल्या बिअरचे अनेक केग (धातूची बंद पिंपे) एका फ्रीझरमध्ये ठेवताना कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर मी बाहेरच ठेवतो. आतली जागा वाचते आणि थंडीने दाबमापकाचा काटा उतरून वायू संपत आल्याचा भास होत नाही. नळीसाठी फ्रीझरच्या भिंतीला भोक पाडू नये, कारण तिच्यात बहुधा शीतद्रव्याच्या नळ्या असतात. झाकणाखाली लाकडी चौकट बसवून तिच्यातून नळी आतल्या मॅनिफोल्डपर्यंत, म्हणजे एका नळीतला वायू अनेक केगना वाटणाऱ्या जोडणीपर्यंत न्यावी. मॅनिफोल्डच्या प्रत्येक तोटीला एकदिशा झडप हवीच, कारण नळीतला दाब केगमधल्या दाबापेक्षा कमी झाला, तर बिअर उलटी फिरून रेग्युलेटरपर्यंत (सिलिंडरवरील दाब नियंत्रकापर्यंत) पोचू शकते. ३ ते ४ अंश सेल्सिअसला १० ते १२ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब बहुतेक बिअरना पुरतो. प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का, हे मात्र पाहावेच.