व्याज धरलंय का?

आई सध्या आमच्याकडे, वॉशिंग्टनजवळच्या अलेक्झांड्रियाला आलीय. सगळी नोकरी बँकेत काढलेली बाई. वॉशिंग्टनचे पांढरे घुमट तिला दोन दिवसांत पुरे झाले. म्हणून रविवारी नदीपलीकडे जॉर्जटाउन विद्यापीठात फिरायला नेलं. तिथे एक जुनी इमारत आहे, आयझॅक हॉकिन्स हॉल. आता विद्यार्थ्यांचं वसतिगृह. कपड्यांची बादली घेऊन एक पोरगा दारातून बाहेर पडत होता.

"हॉकिन्स कोण? देणगीदार का?" आईनं विचारलं.

देणगीदारच म्हणायचं, फक्त त्याला कुणी विचारलं नव्हतं.

हे विद्यापीठ जेझुइट पाद्र्यांचं. मुंबईचं सेंट झेवियर्स काढलं, तोच संघ. मेरीलँडमध्ये त्यांच्या मोठ्या जमिनी होत्या आणि त्या कसायला गुलाम. कॉलेज कर्जात बुडालं तेव्हा, १८३८ साली, त्यांनी २७२ माणसं लुइझियानाच्या मळेवाल्यांना विकली. रोमहून संघप्रमुखांनी अटी घातल्या होत्या: कुटुंबं तोडू नका, त्यांना धर्म पाळता आला पाहिजे, पैसा कर्जफेडीत घालू नका. तिन्ही मोडल्या. त्यातली बरीच माणसं ज्या जहाजातून गेली, ते आमच्या या अलेक्झांड्रियाहूनच सुटलं. मी संध्याकाळी पाय मोकळे करायला जातो तो धक्का.

विक्रीच्या कराराची प्रत मी फोनवर आईला दाखवली. पहिलंच नाव आयझॅक, वय ६५. मग त्याचा थोरला मुलगा चार्ल्स, ४०. नेली नावाची मुलगी, ३८. पुढे नातवंडांच्या वयाची पोरं, आकडे खाली उतरत जातात. आईनं चष्मा वर केला. "एकूण किती आले?"

"एक लाख पंधरा हजार डॉलर."

"माणशी चारशे बावीस," ती म्हणाली. "तान्ही पोरं धरून."

इमारतीला पूर्वी ही विक्री ठरवणाऱ्या फादर मलेडींचंच नाव होतं. ते २०१५ मध्ये काढलं आणि २०१७च्या एप्रिलमध्ये हॉकिन्सचं नाव दिलं. त्या दिवशी प्रार्थनासभा झाली आणि वंशजांच्या समोर उभं राहून जेझुइटांनी माफी मागितली. वंशज सापडले कसे, ते मला सगळ्यात जास्त लागलं. विकली गेलेली बरीच घरं लुइझियानात पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिकच राहिली, त्यामुळे तिथल्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या नोंदींत त्यांचा माग लागला. नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपली वंशावळ निघते ना, तसं. विकणाऱ्यांपेक्षा विकलेल्यांनीच धर्म जास्त सांभाळला, असं मला वाटतं. आई यावर काही बोलली नाही.

माफीनंतर पैशाची गोष्ट निघाली, आणि तिथे गाडी हळू झाली. प्रवेशात वंशजांना झुकतं माप मिळालं. ठीक आहे, पण लुइझियानात, जिथे बरेच वंशज राहतात त्या मॅरिंग्विन गावातल्या सत्तरीच्या आजीला त्याचं काय? २०१९ मध्ये विद्यार्थ्यांनीच मतदान घेऊन ठरवलं, की दर सत्राला प्रत्येकानं वंशजांसाठी २७.२० डॉलर द्यायचे. २७२चाच आकडा. मत देणाऱ्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश मुलांनी होकार दिला. विद्यापीठानं ती फी लावली नाही. त्याऐवजी वर्षाला चार लाख डॉलरचा निधी स्वतः उभा करू म्हणाले. तेवढाच आकडा होतो, हे खरं. पण पोरं स्वतःच्या खिशातून द्यायला निघाली होती, त्यातली गंमत गेली. २०२१ मध्ये जेझुइटांनी वंशजांबरोबर संस्था काढून दहा कोटी डॉलर जमवायचं वचन दिलं.

"दहा कोटी म्हणजे पुष्कळ झाले की," मी म्हणालो.

"व्याज धरलंय का?"

बाकावर बसून तिनं माझ्या फोनवर हिशोब मांडला. मुद्दल एक लाख पंधरा हजार, पाच टक्के चक्रवाढ, १८३८ ते २०२१ अशी १८३ वर्षं. सत्त्याऐंशी कोटींच्या आसपास आले. तिनं आकडा पुन्हा एकदा तपासला, जुन्या सवयीनं.

"आणि ही नुसती विक्रीची रक्कम हं," फोन परत देत ती म्हणाली. "त्यांची मजुरी यात धरलेली नाही."