बहुरूपी प्रोतेया आणि पडद्याचा वेग

काळा, अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि फ्रेंच मूकपट म्हटलं की 'ले व्हांपीर' या चित्रपटमालिकेतली, अभिनेत्री म्युझिडोराची इर्मा व्हेप आठवते. ती १९१५ ची. त्याआधी, १९१३ मध्येच, एक्लेर या फ्रेंच कंपनीच्या 'प्रोतेया' चित्रपटात अभिनेत्री जोसेत आंद्रियो असाच पोशाख घालून आली होती. इर्मा गुन्हेगारांच्या टोळीतली, तर प्रोतेया गुप्त कराराच्या मागावर निघालेली हेर. दिग्दर्शक व्हिक्तोरँ जासे त्या जूनमध्ये वारले, चित्रपट सप्टेंबरमध्ये आला. नाव ग्रीकांच्या रूपं बदलणाऱ्या प्रोतेउस देवावरून घेतलेलं. आपल्या भाषेत सरळ 'बहुरूपी'. त्याच वर्षी फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीही अण्णा साळुंकेंना व्हावं लागलं, हे शेजारी ठेवून पाहा.

हा चित्रपट नागपुरात दाखवायचा असेल, तर सगळ्यात जास्त घात वेगामुळे होतो. तेव्हा कॅमेरा हातानं फिरवत. सेकंदाला साधारण १६ ते १८ चौकटी, म्हणजे फ्रेम. तीच फिल्म २४ च्या वेगानं चालवली की जोसेतची सफाईदार चढउतार माकडचेष्टा वाटते आणि लोक हसतात. तिची सगळी ताकद देहाच्या हालचालीत आहे, म्हणून हे अक्षम्य. हिशेब सोपा: ३५ मिलिमीटरच्या फुटात १६ चौकटी, म्हणजे १००० फुटांत १६,०००. सेकंदाला १६ नं १६ मिनिटं ४० सेकंद, २४ नं जेमतेम ११ मिनिटं. संगणकावर प्रत घाईत पळत असेल तर वेग ०.७५ करा, म्हणजे १८ चौकटी. पण काही प्रतींत वेग आधीच दुरुस्त केलेला असतो; रस्त्यावरून साधं चालणारं माणूस बघून ठरवा. त्याची पावलं नैसर्गिक पडली की झालं.

त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसत नसे, लाल ओठ काळे पडत. त्यामुळे चेहरे विचित्र वाटले तर प्रोजेक्टरचा कॉन्ट्रास्ट वाढवू नका. वाढवला की काळ्या कपड्यातला जोसेतचा देह अंधारात विरघळतो.

चित्रपटात मधेमधे येणाऱ्या फ्रेंच पाट्या मराठीत मोठ्यानं वाचायला एक जण ठेवा. मे महिन्यात साडेसातच्या आत सुरू करू नका, उजेड उरतो. आणि मूकपटाला साथ करायला हार्मोनियमवाला बसवलात, तर कूलर त्याच्या पाठीशी नको, हॉलच्या मागच्या टोकाला लावा. नाहीतर संगीत फक्त पहिल्या रांगेलाच ऐकू येतं.