उसने डोळे

आमच्या आकाशदर्शन मंडळाची खजिनदार झाले त्या वर्षी मी आकाश सर्वांत कमी पाहिलं. तशी मी एकही रात्र चुकवली नव्हती. अमावस्येच्या मागेपुढे आमची मंडळी माळावर जमत, तेव्हा मी सगळ्यांच्या आधी हजर. हातात तांबडा जिलेटिन कागद लावलेली बॅटरी. पण त्या बॅटरीचा उजेड पडायचा तो पावतीपुस्तकावर. डोक्यावर मृग कलत चाललेला आणि मी खाली मान घालून वर्गणी थकलेल्यांची नावं शोधतेय. दुर्बिणीपाशी कुणीतरी "आहाहा!" म्हणायचं, की मी बसल्या जागेवरून ओरडायचे, "आले आले, एवढी बेरीज होऊ दे." बेरीज होईपर्यंत ते जे काही आहाहा असायचं ते क्षितिजाखाली गेलेलं असायचं.

छंदाच्या मंडळात माणूस जातो कशाला, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलाय. मी त्याआधी चांगली दहा वर्षं गच्चीवर एकटीने तारे पाहत होते आणि सुखात होते. म्हणजे अडाण्याचं असतं त्या सुखात. हिवाळ्यात मध्यरात्री दक्षिणेकडे झगझगणाऱ्या व्याध ताऱ्याला मी किती दिवस शुक्र समजत होते. शुक्र सूर्याची पाठ फारशी सोडत नाही, तो एक तर संध्याकाळी पश्चिमेला नाही तर पहाटे पूर्वेला, मध्यरात्री डोक्यावर कधीच नाही, हे सांगायला शेजारी कुणी नव्हतं. व्याधानेही कधी हरकत घेतली नाही. कुणी न टोकणं ही एकट्याच्या छंदातली मोठीच चैन आहे, आणि ती मंडळात गेल्याच्या पहिल्या दहा मिनिटांत संपते.

पण त्याच पहिल्या रात्री जे मिळालं, ते आठवलं की पुढची सगळी बेरीज-वजाबाकी मी माफ करते. दुर्बिणीत एक दीर्घिका, म्हणजे दूरची एक गॅलक्सी, लावलेली होती. मी डोळा लावला. काळं. अगदी काळं. "दिसतंय ना?" मागच्या काकांनी विचारलं. मी नाही म्हणाले, कारण तोवर मला मंडळात कसं वागायचं ते माहीत नव्हतं. काका म्हणाले, "तिच्याकडे बघू नकोस. तिच्या जरा बाजूला बघ. लक्ष तिच्यावर, नजर मात्र कडेला." मी तसं केलं, आणि त्या काळोखातून एक फिकट फुंकर उमटली. सरळ पाहिलं की गायब, नजर सरकवली की पुन्हा हजर.

यात जादू काही नाही. डोळ्यातल्या पडद्याच्या नेमक्या मध्यावर रंग आणि बारकावे टिपणाऱ्या पेशींची दाटी असते. अंधुक उजेड पकडणाऱ्या पेशी तिथे नसतातच, त्या सभोवार असतात. म्हणून ज्याच्यावर नजर रोखावी तेच अंधारात हरवतं. हे सगळं मी आधी वाचलेलं होतं, बरं का. वाचून ते माझ्या डोळ्यांत उतरलं नव्हतं. त्याला मागे उभं राहून "अजून थोडी डावीकडे, आता श्वास घे, घाई करू नकोस" म्हणणारा माणूसच लागला.

अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाची एकच तिरीप ती सगळी कमाई धुऊन टाकते, हे मात्र मी बोलणी खाऊन शिकले. वेळ बघायला फोन काढला आणि माळावरच्या झाडून सगळ्या सभ्य माणसांनी एका सुरात माझा उद्धार केला. आता नवा सभासद खिशाकडे हात नेतो तेव्हा सगळ्यांत आधी मीच ओरडते. मंडळात आपण मुरलो की नाही हे ओळखायची ती खूण असावी.

ओळखीपाळखीचा फायदा तर सगळेच सांगतात. मला त्यात विल्यम हर्शेलचा किस्सा फार आवडतो. इंग्लंडमधल्या बाथ गावचा हा संगीतकार, पोटासाठी वाद्यं वाजवायचा आणि हौस म्हणून स्वतः घासलेल्या आरशांच्या दुर्बिणी करायचा. 1779 च्या डिसेंबरात तो घरासमोर भर रस्त्यात दुर्बीण मांडून चंद्र बघत होता. येणाऱ्याजाणाऱ्यांतल्या एकाने, विल्यम वॉटसन नावाच्या डॉक्टराने, "मी बघू का?" म्हणून विचारलं. बघितलं, दुसऱ्या दिवशी आभार मानायला घरी आला आणि गावात नुकत्याच निघालेल्या अभ्यासमंडळात हर्शेलला घेऊन गेला. पुढे 13 मार्च 1781 च्या रात्री हर्शेलला एक ठिपका दिसला, ताऱ्यासारखा टोकदार नाही, किंचित तबकडीसारखा. त्याला वाटलं धूमकेतू. वॉटसनच्या मध्यस्थीने ती बातमी लंडनच्या रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेपर्यंत गेली, दुसऱ्यांनी कक्षेची गणितं केली, आणि धूमकेतूचा ग्रह झाला. युरेनस. पाहणारा एक, ओळखणारे भलतेच. हर्शेल गच्चीवर माझ्यासारखा एकटाच राहिला असता तर धूमकेतू म्हणून वहीत नोंद करून झोपला असता, असं माझं आपलं मत.

अर्थात मंडळ म्हटलं की दार आलं आणि दार म्हटलं की कुणाला आत घ्यायचं तेही आलं. लंडनची रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी 1820 ची, पण बायकांना तिथे फेलो म्हणून घ्यायला 1916 उजाडलं. शंभराला चार कमी. त्यांचं सगळं आयुष्य अनंताचा वेध घेण्यात चाललेलं, तेव्हा शेजारच्या खुर्चीवर कोण बसावं याचा विचार करायला उसंत मिळाली नसेल. ज्यांना ते दार बंद होतं, ज्यांना तिथली वर्गणी झेपत नव्हती, अशांसाठी 1890 मध्ये ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन निघाली. तिथे बायका पहिल्या दिवसापासून सभासद. ती उभी करण्यात पुढाकार होता खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर माँडर यांचा. या गृहस्थांकडे मी परत येणार आहे.

आता तोटे. पैसे, वेळ, घरच्यांच्या कपाळावरच्या आठ्या, हे सगळं धरूनच चाला. फोनवरच्या आमच्या गटात ताऱ्यांपेक्षा सुप्रभाताची फुलंच जास्त उगवतात. तारे आपणच शोधून देणाऱ्या स्वयंचलित दुर्बिणीला 'फसवणूक' म्हणणारे आणि न म्हणणारे अशी आमच्यात उभी फूट आहे. मोठ्या आरशाचं वेड हा तर साथीचा आजार. आठ इंची आरसा चार इंचीच्या चौपट प्रकाश गोळा करतो, हे गणित बरोबरच आहे, पण ते एकदा डोक्यात शिरलं की आपली जुनी दुर्बीण, जिने आपल्याला गुरूचे चार चंद्र पहिल्यांदा दाखवले, ती खुजी दिसायला लागते. मंडळात जाण्याआधी माझ्याकडे एक दुर्बीण होती. गेल्यावर माझ्याकडे एक 'छोटी' दुर्बीण होती. वस्तू तीच.

मग शर्यती. शार्ल मेसिए हा फ्रेंच माणूस धूमकेतूंचा शिकारी. धूमकेतू समजून आपण फसू नये म्हणून त्याने आकाशातल्या अंधुक ठिपक्यांची यादी केली. म्हणजे मुळात ती नकोशांची यादी. आज त्या यादीत 110 वस्तू धरतात, आणि मार्चच्या सुमाराला एका अमावस्येच्या रात्रीत त्या सगळ्या गाठायची जगभरच्या मंडळांत चढाओढ लागते. मीही एकदा धावले. संध्याकाळच्या पहिल्या अंधारापासून पहाट फुटेपर्यंत, कागदावर खुणा करत. खुणा पुष्कळ झाल्या. त्या रात्री पाहिलेलं काहीही आज डोळ्यांसमोर येत नाही. बॅटरीचा तांबडा गोल तेवढा येतो.

पण हे सगळे किरकोळ. खरा तोटा मला बराच उशिरा कळला, आणि तो नेमका फायद्याच्याच पोटात दडलेला आहे. काकांनी मला दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहायला शिकवलं ना? ते उसने डोळे परत करायला माणूस विसरतो.

मृगातला काक्षी हा तारा 2019 च्या शेवटी मंदावू लागला. नुसत्या डोळ्यांनी कळण्याइतका. असे तेज बदलणारे तारे, म्हणजे रूपविकारी तारे, पाहून नोंदवणाऱ्या हौशी मंडळींची एक संघटना अमेरिकेत 1911 पासून आहे. तिच्याकडे जगभरातून आलेल्या कोट्यवधी नोंदी आहेत आणि शास्त्रज्ञ त्या वापरतात. हौशी माणसाचा डोळा खऱ्याखुऱ्या कामाला येतो अशा थोड्या जागांपैकी ही एक. पद्धत सोपी: शेजारच्या ठरावीक तेजाच्या ताऱ्यांशी तुलना करायची आणि तेजाचा अंदाज आकड्यात मांडायचा. आम्हीही करू लागलो. पहिल्या रात्री काकांनी मोठ्याने आकडा सांगितला. त्यानंतर आम्हा अकरा जणांचे आकडे त्याच्या अवतीभवती येऊन बसले, जसे शाळेत हुशार मुलाच्या बाकामागे सगळे बसतात. आम्ही खोटं बोललो नव्हतो. आम्हाला तसंच दिसलं होतं. पुढच्या वेळी चिठ्ठ्या वाटल्या, प्रत्येकाने आपला आकडा न बोलता लिहायचा, आणि मग काय विखुरले आकडे! काकांचा तर सगळ्यांपासून लांब. ते हसले, पण थोडे उशिरा.

माँडर यांना मी इथे परत आणते. 1877 मध्ये इटलीच्या शियापारेल्ली या खगोलशास्त्रज्ञाला मंगळावर रेघा दिसल्या, त्यांचे कालवे झाले, पुढे अमेरिकेत पर्सिव्हल लॉवेलने त्या कालव्यांमागे बुद्धिमान मंगळवासी बसवले. मग रेघा अनेकांना दिसू लागल्या. माँडरना शंका. 1903 मध्ये त्यांनी आणि ग्रिनिचमधल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी वर्गातल्या मुलांसमोर एक चित्र टांगलं. ग्रहासारखी तबकडी, तिच्यावर वेडेवाकडे डाग नि ठिपके, रेघ एकही नाही. मुलांना सांगितलं, दिसतंय तसं काढा. अगदी पुढे नाही आणि अगदी मागेही नाही, अशा अंतरावर बसलेल्या मुलांनी सरळ रेघा ओढल्या. कालव्यांचं नाव कुणी काढलेलं नसताना! डोळा स्वतःच ठिपके जोडतो. त्यातून कानात कुणी 'कालवे' म्हटलेलं असेल, तर त्याला आणखी काय हवं?

माँडर यांच्याच मंडळात मंगळाचा विभाग 1896 पासून युजीन अँतोनियादी सांभाळत. सभासदांची चित्रं त्यांच्याकडे यायची, त्यांत कालवे असायचे, आणि सुरुवातीला त्यांनी स्वतःही ते काढलेले. 1909 मध्ये पॅरिसजवळच्या मदाँच्या वेधशाळेतली 83 सेंटिमीटरची दुर्बीण त्यांना मिळाली. हवा स्थिर होती. रेघा फुटून तिथे वेड्यावाकड्या डागांचा पसारा झाला. स्वतःचीच जुनी चित्रं खोडणाऱ्या त्या रात्री माणसाला काय वाटलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. विशेषतः बेरीज चुकते तेव्हा.

मी खजिनदार होते त्या 2025 च्या अखेरीस शनी पाहायला आम्ही लोकांना बोलावलं. शनीचं कडं साधारण पंधरा वर्षांनी एकदा आपल्याला कडेवरून दिसतं, म्हणजे जवळजवळ दिसतच नाही, आणि ते वर्ष त्यातलं. रांगेच्या तोंडाशी उभं राहून काका नेहमीचं निवेदन करत होते: बघा, कसं सुंदर रुंद कडं, मध्ये फट. वर्षानुवर्षांची सवय, जीभ वळते तशी वळणारच. दुर्बिणीत होती नुसती एक बारीक रेघ. एकेक जण डोळा लावायचा, जरा थांबायचा आणि म्हणायचा, "हो हो, दिसलं. सुंदर!" एका बाईंना तर फटही दिसली. मी टेबलाशी बसून पावत्या फाडत होते आणि मनात म्हणत होते, अगं, माझ्या पहिल्या रात्री मी तरी खरं बोलले होते.

मग आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा स्टुलावर चढला. बराच वेळ उतरेना. मागचे चुळबुळ करू लागले. "दिसलं का कडं?" काकांनी विचारलं.

"कडं नाहीये," तो म्हणाला. "मण्यात टाचणी आरपार गेलीय."

रांगेत कुणीतरी हसलं. काकांनी त्याला हलकेच बाजूला केलं, स्वतः डोळा लावला आणि तेही बराच वेळ उठेनात. "खरंच की," एवढंच म्हणाले. मग वळून त्या मुलालाच म्हणाले, "आणि टाचणीच्या आसपास काही ठिपके दिसतायत का बघ. मला वयाने नीट दिसत नाहीत. किती आहेत ते तू सांग." तो पुन्हा चढला.

त्याच्या आईला सभासद व्हायचं होतं. त्या टेबलाशी आल्या तेव्हा मी जागेवर नव्हते. निरीक्षणाच्या वहीत त्याचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेत होते, आणि मग स्टुलामागच्या रांगेत शेवटी जाऊन उभी राहिले. पावती फाडायची राहूनच गेली. त्या महिन्याचा हिशेब अजून जुळलेला नाही.