गुंठ्यात मोजलेला आगीचा गोळा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन खेळायचा कल्पनेतला साहसखेळ मराठीतून खेळायचं ठरवलं की पहिला वाद मापांवर होतो. मूळ नियमांत सगळं फूट, मैल आणि पाउंडात. फ्रेंच आणि इटालियन आवृत्त्यांनी खेळाच्या नकाशावरच्या 5 फुटांच्या चौकोनाचा दीड मीटर केला, तर आपणही मेट्रिक घेऊया, असं आमच्यातल्या दोघांचं म्हणणं. मला ते पटत नाही. बेळगावात शाळेत मीटर शिकलो तरी खोली दहा बाय बाराचीच असते, माणूस साडेपाच फुटांचाच. "राक्षस 30 फुटांवर आहे" म्हटलं की टेबलाभोवतीचे सगळे लगेच हालचाल ठरवतात. "नऊ मीटर" म्हटलं की आधी हिशेब सुरू होतो आणि लढाई थंडावते.

फायरबॉल या आगीच्या गोळ्याच्या मंत्राने मला हे नीट पटवलं. त्याची त्रिज्या 20 फूट. आमच्यातल्या एकाची खानापूरकडे भातशेती आहे. त्याने विचारलं, "किती गुंठ्यात जळतंय सांग की." गुंठा म्हणजे 33 बाय 33 फूट, 1089 चौरस फूट, गोळ्याचं वर्तुळ साधारण 1257. म्हणजे एका गुंठ्याहून थोडं जास्तच. त्यानंतर त्याचा जादूगार आपल्या माणसांना बांधापलीकडे ठेवल्याशिवाय मंत्र म्हणत नाही!

प्रवासाला मात्र मैल नकोत. नियमांत साध्या चालीने दिवसाला 24 मैल, म्हणजे 38 किलोमीटरांवर. सपाट रस्त्याने बेळगावहून निघालेला माणूस त्यात खानापूर ओलांडून जातो. पण आमची मोहीम भीमगडच्या रानात आहे आणि तिथे अवघड वाटेचा नियम लागून चाल निम्म्यावर येते. म्हणून खेळ चालवताना मी नकाशावर अंतर लिहीतच नाही. "दीड दिवसाची वाट, मधे एक ओढा" एवढंच. शिधा किती घ्यायचा, मुक्काम कुठे करायचा, हे प्रश्न मग खेळाडू आपणहून विचारतात.

पाउंड मात्र मी पूर्ण काढून टाकले, वजन किलोतच. ताकदीचा आकडा 15 असलेलं पात्र 225 पाउंड वाहून नेतं, म्हणजे जवळपास एक क्विंटल. 50 नाण्यांचा एक पाउंड, म्हणजे सोन्याचं नाणं 9 ग्रॅमचं, सराफाच्या आजच्या तोळ्याहून थोडं हलकं. गुहेत हजार नाणी सापडली तर नऊ किलो होतात, आणि ती कोण उचलणार यावर आता खरी भांडणं होतात.

लढाईतली एक फेरी 6 सेकंदांचीच ठेवलीय. तिथे बदलण्यासारखं काही नाही.