तुम्ही विचारलंत म्हणून: मुलीला पुण्याला पाठवू की ताळगावच्या सड्यावर?

बी. एस्सी.चा निकाल लागला की पंधरा दिवस माझा फोन थांबत नाही. प्रश्न एकच असतो, "मॅडम, एम. एस्सी.ला पुण्याला पाठवू की इथेच, ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात? इथे राहून पुढे काही होतं का?" परवा पेडण्याच्या बाजारात एका वडिलांनी हातातली भाजीची पिशवी खाली ठेवून हेच विचारलं. मुलगी मागे उभी होती, ती काही बोलली नाही. मला घाई होती, मीही धड काही बोलले नाही. घरी आल्यावर ते मनाला लागून राहिलं, म्हणून हे लिहिते आहे.

आधी मुलीला विचारा की तिला कशाचा ध्यास आहे. तारे-आकाशगंगांचा असेल तर पुण्याला आयुका आहे, तिला जाऊ द्या, अडवू नका. पण खाडी, नदी, समुद्र, खारफुटी, खाजन (बांध घालून राखलेली खाऱ्या काठची शेतजमीन), इथली माती, इथला इतिहास, इथल्या भाषा यांतलं काही तिला खुणावत असेल, तर ती पुण्याला गेली तरी नमुने गोळा करायला तिला पुन्हा इथेच यावं लागेल. तेही वर्षातून दोनदा, सुट्टी काढून, तिकिटाचे पैसे घालून. हे मी माझ्या अनुभवावरून सांगते.

माझं घर मांद्र्याला, आजोळ आगरवाड्याला. शापोरा नदीच्या काठी मामाचं मिठागर होतं. एम. एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं तेव्हा मिठागराचा आणि माझ्या अभ्यासाचा काही संबंध असेल असं मला वाटलंही नव्हतं. वर्गात एकदा हॅलोआर्कियांवर तास झाला. १९७७ साली कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी दाखवून दिलं, की ज्यांना आपण सरसकट जीवाणू म्हणत होतो त्यांच्यातली काही मंडळी मुळात वेगळ्याच शाखेची आहेत, आर्किया. त्यांतले काही इतक्या खारट पाण्यात राहतात की समुद्राचं पाणी त्यांना अळणी पडतं. त्यांच्या अंगात गाजरातल्या रंगाच्या जातकुळीचं एक लाल द्रव्य असतं, त्यामुळे पाणी तांबूस दिसतं. सर फळ्यावर हे लिहीत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे एप्रिलमधले मामाचे वाफे आले. ते लाल पाणी मी लहानपणापासून बघत होते. मला ते मातीचं वाटायचं.

पीएच. डी.ला तोच विषय घेतला. पहिले नमुने डिसेंबरात आणले, कारण माझ्या वेळापत्रकात डिसेंबर होता. मिठागरात तेव्हा नुसती तयारी चाललेली असते. पावसाने फोडलेले बांध घालायचे, गाळ काढायचा, वाफ्यांचा तळ पायांनी तुडवून घट्ट करायचा. मग भरतीला मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, उघडून खारं पाणी आत घ्यायचं आणि ते एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवत न्यायचं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. ते आटून जवळजवळ दहाव्या हिश्शावर आलं की मीठ धरू लागतं. डिसेंबरचं पाणी या प्रवासाच्या पहिल्या टप्प्यावर असतं. प्रयोगशाळेत जीव वाढवायच्या माझ्या बशांत काहीच उगवलं नाही. मी पुन्हा बशा लावल्या, पुन्हा काही नाही. तीन महिने गेले.

मामाला सांगितलं तर तो म्हणाला, "चैत्रात ये. पाणी तांबडं झालं की मीठ येतं. तेव्हा घेऊन जा तुझ्या बाटल्या."

मी चैत्रात गेले. त्या बशाही पहिल्या आठवड्यात रिकाम्याच दिसल्या, कारण हे जीव सावकाश वाढतात. वीस-पंचवीस टक्के मीठ घातलेलं माध्यम, त्यावर अडतीस-चाळीस अंशांची ऊब, आणि दोन-तीन आठवडे वाट. तोवर बशीतलं पाणी उडून मिठाचे खडे धरतात, म्हणून त्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवायच्या. अठराव्या दिवशी पिशवी सोडली आणि बशीवर केशराच्या ठिपक्यांसारख्या वसाहती उठलेल्या दिसल्या. त्या दिवशी मी जेवले नाही, लक्षातच आलं नाही.

मामाचं वाक्य मागाहून मला संशोधनाच्या लेखांतही सापडलं, वेगळ्या शब्दांत. लाल पाणी ऊन जास्त शोषून घेतं, जास्त तापतं, लवकर आटतं. जगभरच्या मिठागरांत हे मोजलेलं आहे. मामाने ते न मोजता धरलं होतं, त्याच्या वडिलांनी त्याच्याआधी.

आणि आता जे सांगते त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. एका वर्षी एप्रिलमध्ये रात्री वळीव कोसळला. पहाटे मामीचा फोन आला, "सगळं मीठ गेलं गो." मी मांद्र्याला घरीच होते. सातला मिठागरात पोचले. वाफ्यांवर गोड्या पाण्याचा थर तरंगत होता आणि त्याखालचं तांबडं फिकं पडत चाललं होतं. गोड्या पाण्यात या जीवांच्या पेशी फुटतात हे मी पुस्तकात वाचलं होतं, ते त्या सकाळी गुडघाभर पाण्यात उभी राहून पाहिलं. मामा मानस उघडायला निघाला होता. मी त्याला म्हटलं, दहा मिनिटं थांब. तो थांबला. त्याचं दोन महिन्यांचं कष्टाचं पीक पाण्यात गेलेलं होतं आणि तो माझ्या बाटल्या भरून होईतो बांधावर उभा राहिला. चोपडे, शिवोली, म्हापसा, पणजी करत अकराच्या आत मी प्रयोगशाळेत होते. पुढचे चाळीस दिवस दर तिसऱ्या दिवशी त्याच वाफ्यातून पाणी आणलं, तांबडं पुन्हा कसं धरतं ते बघितलं. माझ्या प्रबंधातलं सर्वांत चांगलं प्रकरण ते. पुण्यात, मुंबईत किंवा कुठल्याही मोठ्या शहरात असते तर मला तो पाऊस बातमीत कळला असता.

आता विद्यापीठाविषयी. गोवा विद्यापीठ १९८५ साली सुरू झालं. त्याआधी पणजीत मुंबई विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं. त्याही आधी, १९६१ च्या मुक्तीपूर्वी, मेडिकल सोडलं तर वरच्या शिक्षणासाठी गोव्याबाहेर जावंच लागे, बेळगाव, धारवाड, पुणे, मुंबई. आपली पहिली दोन कॉलेजं, पणजीचं धेंपे आणि मडगावचं चौगुले, १९६२ ची. म्हणजे "शिकायचं तर बाहेर" ही सवय आपल्याला दोन-तीन पिढ्यांपासून लागलेली आहे आणि तिला तेव्हा कारण होतं. तुमच्या वडिलांनी तुम्हाला तेच सांगितलं असणार.

परिसर चारशेहून अधिक एकरांचा, ताळगावच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर. आराखडा सतीश गुजराल यांचा. खाली झुआरी. चार पावलांवर, दोनापावलाला, १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. समुद्रावर काम करणाऱ्या मुलांना हे शेजारपण किती उपयोगाचं ते तिथे गेल्यावरच कळतं. मे महिन्यात हा सडा करपून काळा पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये त्याच जांभ्यावर बोटभर पाणी साचतं आणि त्यात इवल्या निळ्या-पांढऱ्या फुलांचे गालिचे येतात. त्यांत कीटक खाणाऱ्या वनस्पतीही असतात. वनस्पतिशास्त्राची मुलं वर्गाबाहेर पडून गुडघ्यांवर बसतात, त्यांचा तास तिथेच.

माझी एक मैत्रीण मराठी विभागात होती. तिचा विषय एकोणिसाव्या शतकातल्या गावकऱ्यांचे, म्हणजे गावच्या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थांचे, व्यवहार. कागद निम्मे पोर्तुगीजमध्ये. तिने त्याच परिसरात पोर्तुगीज शिकायला सुरुवात केली, शणै गोंयबाब भाषा आणि साहित्य महाशाळेत मराठी, कोकणी, पोर्तुगीज सगळं एका छपराखाली आहे. ग्रंथालयात पांडुरंग पिसुर्लेकरांचा ग्रंथसंग्रह आहे. सत्तरीतल्या पिसुर्ल्याचा हा माणूस मराठे-पोर्तुगीज संबंधांचा मोठा अभ्यासक झाला आणि त्याची पुस्तकं आज तुमच्या मुलीला हात लावता येतील अशा कपाटांत आहेत.

एकदा कॅन्टीनमध्ये भाजी-पाव खाताना मी तिला मिठाचं काही सांगत होते. ती म्हणाली, "१८७८ च्या तहाचं तुला माहीत आहे ना?" मला माहीत नव्हतं. त्या तहाने इंग्रजांना गोव्यातल्या मिठाच्या उत्पादनावर आणि व्यापारावर ताबा मिळाला, पोर्तुगीज सरकारला त्याबद्दल वर्षाला ठरावीक रक्कम, आणि १८९२ मध्ये तह संपेपर्यंत मिठावर जगणाऱ्या गावांचे हाल झाले. माझ्या खापरपणजोबांच्या वाफ्यांवर पहारा बसला असेल हे मला एका मराठीच्या विद्यार्थिनीने, भाजी-पावावर, सांगितलं. माझ्या प्रबंधाच्या प्रस्तावनेत ती दोन पानं आली.

बाहेरच्या अभ्यासकांना बोलावून त्यांच्याकडून छोटे अभ्यासक्रम घेण्याची एक योजनाही आहे. डी. डी. कोसंबी, बाकीबाब बोरकर, मारिओ मिरांडा यांच्या नावांची अध्यासनं आहेत. त्यांतल्या व्याख्यानांना गावातला कुणीही जाऊन बसू शकतो. तुम्हीही.

उणं काय ते लपवत नाही. माझ्या शिष्यवृत्तीचे पैसे एकदा सात महिने अडकले, तेव्हा शिकवण्या घेतल्या. जनुकीय क्रम वाचायला माझे नमुने मला बाहेर पाठवावे लागले. संध्याकाळी उशिरा प्रयोग चालला तर पेडण्याकडे जाणारी शेवटची बस चुकायची, मग वसतिगृहातल्या मैत्रिणीच्या खोलीत झोपायचं. आणि नोकऱ्या गोव्यात मोजक्याच, हे खरं आहे. पीएच. डी.ला नियमानेच किमान तीन वर्षं लागतात, मला पाच लागली. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची आणि कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीची तयारी एम. एस्सी.च्या पहिल्या वर्षापासून करायला सांगा, ते तिच्या हातात आहे. पदव्युत्तर प्रवेशासाठी विद्यापीठाची स्वतःची परीक्षा असते, जीयू-आर्ट. तिच्या तारखा निकालाची वाट बघत बसलं तर हातच्या जातात, हे दरवर्षी कुणाचं तरी होतं.

पुण्याला जाऊन मोठी झालेली माझी विद्यार्थिनीही आहे, आणि तिचा मला अभिमान आहे. तिला जे शिकायचं होतं ते इथे नव्हतं. पण "इथे काही होत नाही" म्हणून मुलगी बाहेर पाठवू नका. तेवढं कारण पुरेसं नाही.

माझी तोंडी परीक्षा खुली होती. मामा आला, इस्त्रीचा शर्ट घालून, शेवटच्या रांगेत बसला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, वाफा पिकला हे पाणी न तपासता ओळखता येतं का? मी मागे बघितलं. मामाने कोकणीत सांगितलं, मी इंग्रजीत: रंग, वास, आणि पायाला लागणारी कड. परीक्षकांनी ते वहीत उतरवून घेतलं.

मामाचं मिठागर आता बंद आहे. राबायला माणूस मिळत नाही आणि अवकाळी पाऊस आता वरचेवर येतो. शेजारची काही चालू आहेत. तुमच्या मुलीला पाण्याची, मातीची आवड असेल तर पाऊस धरला की एका शनिवारी तिला घेऊन ताळगावला या. सडा दाखवेन, ग्रंथालय दाखवेन. आणि तिला बोलू द्या, बाजारात ती गप्प होती.