मळ्यातल्या माडीवर पॉप-रॉक

भाचीने तिकीट काढताना मला नीट सांगितलंच नव्हतं. 'मामा, शनिवारी मोकळा आहेस ना? पणजीत गाणं आहे.' एवढाच निरोप. फोंड्याच्या माणसाला गाणं म्हटलं की नाट्यपद किंवा अभंग आठवतो, मीही हो म्हणून बसलो. मग हळूहळू उलगडा झाला. गाणारा तिशीच्या आतबाहेरचा, गिटार घेऊन स्वतःच लिहिलेली, स्वतःच चाल लावलेली गाणी म्हणणारा. प्रकार पॉप-रॉक. जागा पणजीच्या मळा या वाड्यातल्या एका जुन्या घराची माडी, खुर्च्या सत्तर. तिकीट ७९९ रुपये, वर ऍपचा आकार वेगळा. गायकाचं आणि जागेचं नाव घेत नाही. कौतुक बरंच आहे, पण दोनतीन तक्रारीही आहेत, आणि त्या माणसांनी जीव ओतून कार्यक्रम केला होता.

मी पेटीवाला. उत्सवातल्या नाटकांना आणि भजनांना साथ करतो. इंग्रजी गाण्यांशी माझा संबंध गोव्याचे पॉपगायक रेमो फर्नांडिस यांच्यापाशी संपतो. त्यांनी १९८४ साली घरच्या घरी, बहुतेक सगळी वाद्यं स्वतःच वाजवून पहिली कॅसेट काढली, ती आमच्या वाड्यावर एका मित्राकडे होती आणि झिजेपर्यंत ऐकली होती. एकट्या माणसाने घरात बसून रेकॉर्ड केलेलं गाणं गोव्याबाहेर पोचतं याचं आम्हा पोरांना केवढं अप्रूप होतं! तेव्हा अगदीच कोरा नव्हतो, असं स्वतःला समजावून निघालो.

आता रस्त्याचं सांगतो, कारण तिथेच मी पहिली चूक केली.

फोंड्याहून पणजी तीसेक किलोमीटर. फर्मागुढी, म्हार्दोळ, मंगेशी, कुंडई, मग भोमचा तो अरुंद तुकडा आणि बाणस्तारीचा पूल. एरवी तासाभरात होतं. श्रावणातला शनिवार, पावसाची एकेक सर गाडीची काच आंधळी करून जात होती. मी दीड तास धरून निघालो आणि तो पुरलाही. पण पणजीत शिरल्यावर गाडी थेट मळ्यात घातली. आयोजकांनी मोबाइलवर पाठवलेली खूण ज्या गल्लीत नेत होती, ती गल्ली बैलगाडीच्या काळातली. समोरून एक पिकअप आली. मी आरसे मिटले, मागे आलो, परत पुढे गेलो, एका घराच्या पायरीला चाक घासलं. पंचवीस मिनिटं गेली. वर कळलं की खूण खालच्या गल्लीची आणि दरवाजा वरच्या अंगाला, आल्तिनोच्या चढावर. म्हणजे गाडी मिळाली तरी माणूस चुकणारच.

शेवटी पाटोवरच्या बहुमजली पार्किंगमध्ये गाडी ठेवली आणि खाडी ओलांडून चालत आलो. दहा मिनिटं. हेच आधी करायचं होतं. तुम्ही कुठूनही या, शनिवारी संध्याकाळी फोंतेन्हास-मळ्यात चारचाकी घालू नका. एक तर जागा नाही, आणि कसिनोकडे जाणाऱ्या गाड्यांनी मांडवीकाठचा रस्ता सात वाजल्यापासून तुंबतो. छत्री घ्या आणि तळ धरणारी पादत्राणं घाला. चिऱ्याच्या पायऱ्यांवर श्रावणात शेवाळ असतं. माझ्यापुढची एक मुलगी उंच टाचांवर दोनदा घसरली, तिसऱ्यांदा तिने चपला हातात घेतल्या.

खाण्याचं. कार्यक्रम साडेसातचा, दार साडेसहाला उघडणार होतं. भाची पर्वरीहून ऑफिस सुटल्यावर परस्पर आली. आम्ही चर्चजवळच्या भागात मिक्स भाजी, बन्स आणि चहा घेऊन घेतला. माझा श्रावण, त्यामुळे मला तेवढंच चालणारं होतं. हे आधी खाणं फार महत्त्वाचं. भाजी-पावाची कॅफे रात्रीपर्यंत उघडी राहत नाहीत. कार्यक्रम सुटल्यावर पोट भरायचं तर रोस-ऑम्लेटचा गाडो. ज्याचा श्रावण नाही त्याला काही अडचण नाही. गरम ऑम्लेटवर शागुतीचा, म्हणजे कोंबडीच्या मसालेदार कालवणाचा रोस ओततात, वर कांदा, सोबत पाव. भाचीने माझ्यासमोर उभं राहून तो खाल्ला. मी लिंबूसोडा प्यायलो. असो.

माडीवर चढलो तेव्हा सात वाजून गेले होते. गोव्याच्या घरात जिला साल म्हणतात ती लांब बैठकीची खोली. लाकडी तक्तपोशीची जमीन, वर कौलं, एका बाजूला शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या. काचेऐवजी शिंपल्याचे पातळ चौकोन लाकडी चौकटीत बसवलेले असतात, दुधट उजेड आत येतो. मंच असा नाहीच, सतरंजीएवढा गालिचा. त्यावर एक स्टूल, दोन माइक, एक लाकडी खोका. तो खोका म्हणजे काहोन, वाजवणारा त्याच्यावरच बसतो आणि पुढच्या फळीवर हाताने वाजवतो. एक बेस गिटार, एक छोटा ऍम्प्लिफायर. बस.

बैठकीची सवय म्हणून मी सरळ पहिल्या रांगेत जाऊन बसलो. आमच्याकडे पेटीवाल्याला कोण मागे बसवणार! भाची म्हणाली, 'मामा, पुढे नको.' मी ऐकलं नाही. दुसरी चूक. डावीकडचा स्पीकर माझ्या कानापासून चार हातांवर. पहिली दोन गाणी तो एकटाच गायला तोवर ठीक होतं, बेस आणि काहोन आले तसे माझे कान भरले आणि त्याचे शब्द मात्र कळेनात. पुढे बसलं की मंचावरच्या ऍम्प्लिफायरचा आवाज थेट अंगावर येतो आणि गळा बाजूच्या स्पीकरमधून येतो, दोन्ही जुळत नाहीत. मध्यंतरात साउंडवाल्या मुलाच्या टेबलाजवळची खुर्ची पकडली आणि वेगळाच कार्यक्रम ऐकायला मिळाला. तो मुलगा स्वतःच्या कानाने सगळं जुळवत असतो, तेव्हा सगळ्यात चांगलं त्याच्याच जवळ ऐकू येणार. कान नाजूक असतील तर औषधाच्या दुकानात फोमचे बोळे मिळतात, खिशात ठेवा.

साडेसातचा कार्यक्रम सात पन्नासला सुरू झाला. कारण दमट हवा. लाकूड फुगतं, तारा हलतात. गिटारच्या डोक्यावर चिमट्यासारखं एक यंत्र लावलेलं, त्यात बघून तो दर दोन गाण्यांनी तारा लावत होता आणि लावता लावता बोलत होता. आमचे तबलजी हातोडी ठोकताना बोलत नाहीत, हा बोलत होता. वडिलांची स्कूटर विकली त्या दिवशी कुठल्या ओळी सुचल्या, मग वर्षभर दुसरा अंतरा कसा सुचत नव्हता. आम्ही पेटीवाले पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांनी बांधलेली पदं वाजवतो. ऐकणाऱ्याच्या कानात आधीचा गायक असतोच, आणि तो तुलना करतो. इथे तुलनेला कोणीच नाही. गाणं पडलं तर त्याचंच, उचललं तरी त्याचंच. चौदा गाण्यांत माझ्या हिशेबाने चार पडली. हिंदी-इंग्रजी खिचडीची जी दोन होती त्यात हिंदी शब्द केवळ यमकासाठी ओढून आणलेले. पण स्कूटरचं गाणं पक्कं होतं.

त्या गाण्याआधी त्याने गिटारच्या दांड्यावर एक पट्टीचा चिमटा सरकवला. भाची गिटार शिकते, ती कानात म्हणाली, 'कॅपो. तिसऱ्या फ्रेटवर, दांड्यावरच्या तिसऱ्या घरात. बोटं 'जी' (G) पट्टीची, पण सूर वर.' मी मनात पेटीवर हात ठेवून पाहिला. पट्टी काळी पाच. बरोब्बर. आम्ही स्केल चेंजरची पेटी असली तर पट्टा सरकवतो, हा चिमटा सरकवतो. बोटांची सवय न मोडता गळ्याला सोयीची पट्टी मिळवण्याची युक्ती तीच. मला एकदम ओळखीच्या घरात आल्यासारखं वाटलं.

आणि लगेच लाज गेली. गाणं रंगलं, लोक टाळ्या धरायला लागले, मीही धरली. भजनाची सवय, टाळी समेवर, पहिल्या मात्रेला. भाचीने कोपर मारलं. आजूबाजूच्या सगळ्यांच्या टाळ्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडत होत्या, काहोनवाल्याची जोरकस थापही तिथेच. एकट्या मामाची टाळी मोकळ्या जागेत. पॉप-रॉकमध्ये वजन मुद्दाम तिकडे टाकतात, हे डोक्याला कळलं तरी हाताला कळेना. दोन गाणी मी हात मांडीखाली ठेवून बसलो. तुमचीही भजनाची सवय असेल तर आधी पायाने ठेका धरा, हात नंतर सोडा. तक्तपोशी असल्यामुळे काहोनची थाप तळपायातून वर येत होतीच.

पण ज्यासाठी परत जाईन ती गोष्ट वेगळी. मध्यंतरानंतर तो माइक सोडून पुढे आला आणि एक गाणं नुसतंच म्हणाला. वीजयंत्र काही नाही. तेव्हा ऐकू आली ती डाव्या हाताची बोटं. एका सुरावरून दुसऱ्याकडे जाताना जाड तारांवर बोटं घासली की बारीक चुर्र आवाज येतो. प्रत्येक ओळीच्या शेवटी एकदा. मग श्वास. मग शब्द. भात्याला हवा भरताना माझ्या पेटीचा जो खरखर आवाज निघतो ना, सुराच्या आधीचा, तोच हा. मोठ्या मंडपात तो कोणाला ऐकू जात नाही, देवळाच्या चौकात पुढच्या दोन रांगांना जातो. बाहेर सर आली, कौलांवर आवाज वाढला, तो थांबला नाही, थोडा हळूच झाला. सत्तर माणसं पुढे वाकली.

सत्तर म्हणजे अडुसष्ट. मागे दोघे जण ग्लास घेऊन कुठल्याशा जमिनीच्या व्यवहाराबद्दल बोलत होते, पूर्ण आवाजात. भाचीने वळून पाहिलं, मग एका आजींनी सरळ 'श्श' केलं तेव्हा गप्प झाले. माझ्यापुढच्या एकाने ते अख्खं गाणं मोबाइलवर टिपलं, मी पडद्यातून पाहिलं. लहान जागेत हे फार बोचतं. गाणारा तुमच्यापासून वीस फुटांवर असतो, त्याला तुमची जांभईसुद्धा दिसते. फोन बंदच ठेवा. उशीर झाला तर गाणं संपेपर्यंत दाराशी थांबा, कारण तक्तपोशी करकरते.

नऊ पस्तीसला संपलं. एक जादा गाणं झालं, दुसरं नाही. रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, ही जागा बंदिस्त म्हणायची तर शिंपल्यांच्या खिडक्यांना किती बंदिस्त म्हणणार? शेजारच्या घरात दिवे लागलेले, भिंतीला भिंत. आयोजकांनी आवाज वेळेत बंद केला हे मला आवडलं.

परत जाण्याचं आधी ठरवा. संध्याकाळ सरली की बसगाड्या विरळ होतात, रात्रीच्या भरवशावर राहू नका. कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसच्या स्टँडवर शेवटची गाडी किती वाजता ते जातानाच विचारून घ्या. भाड्याने मागे बसवून नेणारे मोटरसायकलवाले पायलट दिवसा कोपऱ्याकोपऱ्यावर दिसतात, रात्री पावसात शोधावे लागतात. ओला-उबरची सवय असलेल्यांनी लक्षात ठेवावं, इथे त्या चालत नाहीत, गोवा माइल्सचं ऍप आधीच उतरवून ठेवा. सावंतवाडी-कुडाळहून येणार असाल तर मुक्कामच करा, पत्रादेवीच्या हद्दीपर्यंतचा रात्रीचा रस्ता पावसात नको. मुंबईहून कोकणकन्येने येणाऱ्यांना पणजीला करमळी जवळ पडतं, तिथून बारा-एक किलोमीटर. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, जुन्या वेळा धरून बसू नका. विमानाने आलात तर मोपा की दाबोळी ते तिकिटावर नीट बघा. नोव्हेंबरात इफ्फी हा चित्रपट महोत्सव आणि ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त, या दिवसांत पणजीत खोली मिळवणं हेच मोठं काम, त्यामानाने श्रावण बरा.

निघताना दाराशी तो स्वतः उभा होता. सीडी-बिडी काही नाही, कापडी पिशव्या आणि क्यूआर कोडचं एक कार्ड. मी पिशवी घेतली आणि विचारलं, 'काळी पाच?' त्याला कळलं नाही. भाचीने समजावलं, तेव्हा हसून गिटार दाखवायलाच निघाला होता, पण मागे रांग.

दुसऱ्या दिवशी घरी श्रावणातल्या आयताराची, म्हणजे रविवारची पूजा, म्हणून भाचीही फोंड्यालाच यायची होती. गाडीत तिने त्या कार्डावरून स्कूटरचं गाणं लावलं. मागे की-बोर्ड, ड्रम, दोन-तीन आवाजांचा कोरस, सगळं चकाचक. मग ते नुसत्या गिटारवरचंही लावलं. बाणस्तारीच्या पुलावर पाऊस थांबला होता, म्हणून मी आवाज वाढवला आणि ओळीच्या शेवटाची वाट पाहिली. सूर बदलला, पुढची ओळ सुरू झाली. चुर्र नव्हती. 'पुसतात, मामा,' भाची म्हणाली. 'मिक्सिंगमध्ये.'