सोसायटीच्या डांबरी रस्त्याच्या भेगा आणि कोटेशनचा ताप

मुलुंडला आमची सोसायटी, गेटपासून मागच्या पार्किंगपर्यंत डांबरी रस्ता, त्याच्या भेगांचं काम एकदाचं झालं. काम असं मोठं नव्हतंच, डोकं उठलं ते कोटेशनमुळे.

आधी भेगा नीट बघा, सगळ्या सारख्या नसतात. आमच्याकडे मधल्या भागात बारीक लांब भेगा होत्या, डांबर उन्हापावसात जुनं होऊन कडक पडलं की तशा पडतात, साफ करून भरल्या की भागतं. गेटपाशी टँकर वळतो तिथे मगरीच्या पाठीसारखी जाळी, म्हणजे खालचा खडीचा थरच गेलाय, वरून कितीही डांबर ओता ती जाळी परत वर येणार, खणूनच काढावी लागते. आणि गॅस पाइपच्या चरीच्या कडेने सरळ भेग, कारण चर भरताना थराथराने ठोकली नाही की ती खचते.

आता ऑफिसची गंमत. नियमाप्रमाणे तीन कोटेशन आली. एकात "रस्ता दुरुस्ती, एल.एस.", म्हणजे लम्पसम, आणि खाली ठोक रक्कम, बास. दुसऱ्यात "२५ एमएम डांबरीकरण", पण ही जाडी रोलर फिरवायच्या आधीची की नंतरची ते गुलदस्त्यात, सैल माल रोलरखाली चांगलाच दबतो ना. तिसऱ्यात नुसतं भेगा भरणं, खणायचा विषयच नाही, म्हणून सगळ्यात स्वस्त. मॅनेजरकाकांनी तक्ता करून तोच वर टाकला. मी म्हटलं काका ही तीन वेगवेगळी कामं आहेत, तुलना कशाची करताय? तर म्हणे मॅडम, एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी रकमेचा, तोच, ऑडिटला असंच लागतं. परत मागवा म्हटलं तर पत्र टाइप व्हायचंय, मग सहीला सेक्रेटरी नाहीत, ते गावी, मग कॉन्ट्रॅक्टर म्हणतो साइट बघितलीय की, परत कशाला येऊ. मे महिना चाललाय, ऊन तापलंय आणि इथे फाइल या टेबलावरून त्या टेबलावर. पाऊस सुरू झाला की विषय संपला, ओल्या भेगेला डांबर धरतच नाही, आणि तेच पाणी भेगेतून खाली जाऊन खडीचा थर आणखी ढिला करतं.

शेवटी बिल्डिंगमधल्या एका सिव्हिलवाल्या मुलाला धरलं, टेप लावून सगळं मोजलं आणि कागदावर लिहून काढलं, कुठे खणायचं, किती खोल, खडीचे थर किती, टॅक कोट (नवा थर चिकटावा म्हणून आधी मारायचा पातळ डांबराचा हात), रोलिंगनंतरची जाडी, भेगा कशाने भरणार, सगळं चौरस मीटरच्या रेटने. तोच कागद तिघांना पाठवला. आणि काय, तो एल-वन सगळ्यात महाग निघाला! काका तक्त्याकडे बघत बसले, मी काही बोलले नाही पण बरं वाटलं.

काम पटकन झालं. हां, भेग भरायच्या आधी वायर ब्रश आणि ब्लोअर मारायला लावाच, मजूर नुसता झाडू फिरवतात, आणि भरल्यावर वर दगडाची डस्ट टाका नाहीतर टायरला चिकटतं. हॉटमिक्सच्या, म्हणजे गरम डांबर-खडीच्या मालाच्या, डंपरपाशी थर्मामीटर मागा, १४० डिग्रीच्या खाली गेलेला माल पसरू देऊ नका, रोलिंगही ९० च्या खाली जायच्या आत उरकायला हवं. गाड्या हलवायची नोटीस आदल्या दिवशीच लावा, आमच्याकडे एक कार शेवटपर्यंत तिथेच होती. नवीन डांबरात बाइकचं साइड स्टँड रुततं, खाली फळीचा तुकडा ठेवा. ज्यांच्या गाडीतून ऑइल गळतं त्यांनाही सांगा, ऑइलने डांबर विरघळतं.

बिलाचे १० टक्के आम्ही पावसाळा संपेपर्यंत अडकवून ठेवलेत, कॉन्ट्रॅक्टर कुरकुरला, पण तेही त्या कागदावर लिहिलेलं होतं.